लॉगबुकवरची सही: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवताना

डिसेंबरच्या शेवटी इन्चार्ज सिस्टरांनी मला बोलावून सांगितले की, फेब्रुवारीत क्लिनिकल पोस्टिंगसाठी येणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणून माझे नाव पाठवले आहे. स्वतः काम करता येणे आणि तेच काम नवख्या हातांकडून सुरक्षितपणे करवून घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची कल्पना असल्यामुळे मी आधी धास्तावले आणि मग ज्यांनी हे पूर्वी केले होते त्या सगळ्यांना विचारत सुटले. बहुतेकींचे उत्तर एकच होते: "काही नसतं गं त्यात, लॉगबुकवर सह्या करायच्या." लॉगबुक म्हणजे विद्यार्थ्याने वॉर्डात कोणत्या प्रक्रिया केल्या याची नोंदवही. पोस्टिंग संपून सर्व कागद जमा झाल्यावर मी हे लिहीत आहे, ते त्या उत्तराला पुरवणी म्हणून. या कामातले बहुतेक सगळे अवघड त्या सहीतच आहे.

सुरुवात कागदांनी झाली. मार्गदर्शक म्हणून नेमणूक होण्यासाठी एक अर्ज, नर्सिंग नोंदणीच्या चालू प्रमाणपत्राची प्रत, अनुभवाचा दाखला आणि इन्चार्ज सिस्टरांची शिफारस असे सगळे रुग्णालयाच्या कार्यालयातून महाविद्यालयाकडे जायचे होते. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल, तर ते काम आधी उरका. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरांचा अर्ज केवळ त्या कारणाने परत आला. त्यानंतर मार्गदर्शकांसाठी एक छोटी कार्यशाळा होती. तिचे शुल्क भरावे लागले नाही, पण ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी होती आणि बदली सुट्टी मिळेल की नाही हे कोणी लेखी सांगितले नव्हते. हे आधी विचारून घ्यावे, नंतर विचारणे अवघड जाते. नेमणुकीचे पत्र विद्यार्थी येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी हातात पडले. तोपर्यंत नुसती वाट न पाहता मी महाविद्यालयाकडून कोऱ्या लॉगबुकची एक प्रत मागवून घेतली होती, आणि हे मी प्रत्येक नव्या मार्गदर्शकाला सुचवेन. विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षित आहे आणि आपल्याला कशाखाली सही करायची आहे, हे ते वॉर्डात पाऊल टाकण्याआधी समजलेले बरे.

कार्यशाळेतील बरेचसे सादरीकरण विसरून जाण्यासारखे होते, पण दोन गोष्टी पुढे रोज उपयोगी पडल्या. पहिली पॅट्रिशिया बेनर यांची. परिचारिका नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच टप्प्यांतून जाते, अशी मांडणी त्यांनी १९८४ मध्ये केली. नवख्याला नियम लागतात. तज्ज्ञ व्यक्ती मात्र समोरची परिस्थिती एकसंध पाहते आणि आपण कोणता नियम वापरला हे तिला पुष्कळदा सांगताही येत नाही. आम्ही जुन्या सिस्टर "हा पेशंट बरा दिसत नाही" असे म्हणतो, तेव्हा विद्यार्थ्याला त्यातून काहीच मिळत नाही. ओठांचा रंग, वाक्य पूर्ण करताना मध्येच घेतलेला श्वास, काल गप्पा मारणाऱ्या माणसाचे आजचे गप्प राहणे, हे सुटे करून सांगावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत: आधी आपण नेहमीच्या वेगाने, काही न बोलता प्रक्रिया करून दाखवायची, मग प्रत्येक कृती समजावत पुन्हा करायची, तिसऱ्या वेळी विद्यार्थ्याने सूचना द्यायच्या आणि आपण त्याप्रमाणे करायचे, चौथ्या वेळी त्याने बोलत बोलत स्वतः करायचे. वॉर्डाच्या घाईत तिसरी पायरी हमखास गाळली जाते, आणि माझ्या मते सगळी किंमत तिचीच आहे. विद्यार्थ्याच्या तोंडून "आता सुई टोचा" हे वाक्य "आता त्वचा पुसा" या वाक्याच्या आधी आले, तर ती चूक रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच आपल्याला कळते.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी चार विद्यार्थी आले, तीन मुली आणि एक मुलगा, सगळे दुसऱ्या वर्षाचे. वॉर्ड जनरल मेडिसिनचा. पहिला दिवस मी पूर्णपणे ओळखीसाठी ठेवला आणि त्या दिवशी कोणालाही रुग्णाच्या अंगाला हात लावू दिला नाही, यावर काही सहकाऱ्यांनी नाके मुरडली. क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची आणि साधनांची गाडी, कुठे आहे, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कसा उघडतो, आपत्कालीन क्रमांक कोणता, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करून घेतले. हेपटायटिस बीच्या लसीकरणाचे कागद तपासले. एका मुलीचा शेवटचा डोस राहिला होता, तो त्याच आठवड्यात करून घ्यायला लावला. वापरलेल्या सुईवर झाकण परत बसवायचे नाही, सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, आणि सुई टोचलीच तर साबण-पाण्याने जागा धुऊन लगेच सांगायचे, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतले. विद्यार्थी ओरडा बसेल या भीतीने सुई टोचल्याचे लपवतात. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, त्यामुळे हे लपवणे फार महागात पडू शकते. म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले की, सुई टोचल्याबद्दल मी कोणालाही रागावणार नाही. न सांगितल्याबद्दल मात्र नक्की रागावेन.

त्याच दिवशी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बसून शिकण्याच्या उद्दिष्टांचा करार भरला. महाविद्यालयाच्या फॉर्ममध्ये उद्दिष्टांची लांबलचक यादी होती, पण त्यातील काही प्रक्रिया आमच्या वॉर्डात क्वचितच होतात. त्या मी पहिल्याच भेटीत खुणा करून वेगळ्या काढल्या आणि महाविद्यालयाच्या ट्यूटर मॅडमना लेखी कळवले, म्हणजे शेवटच्या आठवड्यात त्या रकान्यांवरून धावपळ होऊ नये.

पहिले दोन आठवडे आम्ही जवळजवळ फक्त निरीक्षणे घेत होतो. बीपी, नाडी, श्वसन, तापमान हे सगळ्यांना येते असे विद्यार्थ्यांना वाटते आणि सिस्टरांनाही वाटते. मी एका सकाळी चार्ट उघडला, तेव्हा एका विद्यार्थ्याने तपासलेल्या सगळ्या रुग्णांचे श्वसन मिनिटाला १८ नोंदवलेले होते. प्रौढाचे श्वसन साधारण १२ ते २० असते, त्यामुळे आकडा कोणाच्या नजरेत भरला नसता. मी काही न बोलता त्याला शेजारच्या खाटेकडे नेले. त्याने रुग्णाचे मनगट धरले, पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणले, हात सोडला आणि १८ लिहायला पेन उचलले. मी त्याला हात परत धरायला लावले आणि मनगट तसेच धरून, नाडी मोजत असल्याचा भास ठेवून, छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजायला सांगितले, कारण आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. आकडा २६ आला. त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा मोजले, पुन्हा २६. रुग्णाची तब्येत बिघडू लागल्याची पहिली खूण अनेकदा श्वसनाच्या वेगातच दिसते. त्या रुग्णाबद्दल डॉक्टरांना कळवण्याचे काम मी त्यालाच दिले. फोनवर काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून काढले: सध्याची परिस्थिती, पूर्वपीठिका, आपले निरीक्षण, आपली मागणी. आवाज थरथरत होता, पण क्रम चुकला नाही. त्यानंतर त्याच्या चार्टमध्ये १४, १७, २२ असे खरे आकडे दिसू लागले.

बीपीचेही तसेच. रुग्ण चालत येऊन बसतो आणि लगेच बीपीच्या यंत्राचा पट्टा (कफ) गुंडाळला जातो, तोही बाहीवरून. पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला आधार, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलणे नाही, हे परीक्षेत सगळे लिहितात. वॉर्डात मात्र कोणी करत नाही, आणि विद्यार्थी वॉर्डाकडून शिकतो, पुस्तकाकडून नव्हे. म्हणून या काळात मलाच माझे हात नव्याने तपासावे लागले. हात धुण्याच्या बाबतीत हे विशेष जाणवले. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच क्षण, म्हणजे रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवाशी संपर्काची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, भिंतीवर चिकटवलेले असतात. त्यातला पाचवा क्षण सगळ्यांत जास्त चुकतो. चार जोड्या डोळे पाठीमागे असताना तो चुकवणे जमत नाही.

रुग्णाच्या संमतीबद्दल एक सूचना. "ही विद्यार्थिनी तुमची सलाईन लावेल, चालेल ना?" असे विद्यार्थिनीला शेजारी उभी करून विचारले, तर नाही म्हणणे रुग्णाला फार जड जाते. मी आधी एकटीने जाऊन विचारायचे, आणि नकार आला तर तो विद्यार्थ्यापर्यंत कारणासकट पोहोचवायचा नाही, एवढे पथ्य पाळले. नकार फार कमी आले. उलट काही वृद्ध रुग्ण विद्यार्थ्यांची वाट पाहत, कारण त्यांच्याजवळ बसून बोलायला वॉर्डात तेवढेच लोक मोकळे होते.

आता वेळेबद्दल, कारण या कामाची खरी किंमत वेळेत मोजली जाते. मार्गदर्शक झाल्यामुळे माझ्या वाट्याचे रुग्ण कमी झाले नाहीत. जे इंजेक्शन देण्याची तयारी मी एकटी पटकन उरकते, तीच विद्यार्थ्यासोबत केली की सकाळच्या औषधांची फेरी लांबते आणि डॉक्टरांच्या राउंडची वेळ अंगावर येते. या ओढाताणीत विद्यार्थ्यांचे दोनच प्रकार उरतात: भिंतीला टेकून उभे असलेले आणि नमुने, फाइली, रिपोर्ट यांच्या मागे पळणारे. दुसऱ्या प्रकाराला आम्ही हुशार म्हणतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सामान्य परिचारिकेचे शिक्षण किमान तीन वर्षांचे आणि ४६०० तासांचे असते आणि त्यातला किमान निम्मा भाग प्रत्यक्ष रुग्णसेवेतील शिक्षणाचा असावा लागतो. ते तास जर रिपोर्ट आणण्यातच खर्ची पडले, तर ते शिक्षण म्हणून मोजायचे तरी कसे? मी माझ्यापुरता उपाय असा केला की, रोज प्रत्येकाला एकच रुग्ण पूर्ण द्यायचा, आणि निरोप्याचे काम द्यायचे ते त्याच रुग्णाचे. शिफ्ट संपताना चौघांना पाच-सात मिनिटे एकत्र बसवून दोनच प्रश्न विचारायचे: आज तुझ्या रुग्णात कालच्यापेक्षा काय बदलले, आणि ते तुला कशावरून कळले. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिले उत्तर हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना एकमेकींना दिली जाणारी माहिती, ऐकून दिलेले असते.

तिसऱ्या आठवड्यात मध्यावधी मूल्यमापन होते, आणि इथून पुढचा भाग मला सर्वांत जड गेला.

चौघांपैकी एक मुलगी रुग्णांची अतिशय लाडकी होती. वेळेवर यायची, आजींचे केस विंचरून द्यायची, कोणाचे नातेवाईक कधी येणार हे तिला पाठ असायचे. तिच्या हातून औषध देणे मात्र सुरक्षित नव्हते. एका रुग्णाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक ६० मिलिग्रॅम द्यायचे होते. अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची कुपी, ८० मिलिग्रॅमची, दोन मिलिलिटरची. तिने पूर्ण अँप्यूल सिरिंजमध्ये ओढली, हवा काढली आणि ट्रे उचलला. मी शेजारीच होते, "किती भरलंस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "दोन, मॅडम. अँप्यूल संपवायची असते ना?" कागद देऊन हिशेब करायला सांगितला, तर दीड मिलिलिटर हे उत्तर तिला काढता आले, म्हणजे गणित येत होते, पण ते करायचे असते हे ट्रे हातात असताना सुचत नव्हते. एकदा असे झाले असते, तर मी ते नवखेपणावर सोडून दिले असते. पुढच्या काही दिवसांत रुग्णाच्या हातावरील ओळखपट्टी न वाचता नावाने हाक मारून गोळ्या देणे आणि इन्सुलिनच्या एककांच्या खुणा असलेल्या सिरिंजऐवजी साधी सिरिंज उचलणे, असेही प्रकार घडता घडता थांबवावे लागले.

अशा विद्यार्थ्याला उत्तीर्ण करण्याचा मोह किती मोठा असतो, हे त्या खुर्चीत बसल्यावरच कळते. पोस्टिंग थोडेच दिवस आहे, पुढच्या वॉर्डात सुधारेल, मुलगी गुणी आहे, तिच्या वर्षाचे नुकसान आपल्या हातून कशाला, असे सगळे विचार मी केले. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये ब्रिटनमध्ये याच प्रश्नाचा अभ्यास केला होता, आणि क्षमतेबद्दल शंका असूनही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना पुढे ढकलतात, ते का, हे त्यात मांडले आहे. त्रुटी उशिरा नोंदवल्या जातात, लेखी पुरावा नसतो, आणि मग शेवटी नापास करायला आधारच उरत नाही. ते वाचलेले असल्यामुळे मी पहिल्या घटनेपासून नोंद ठेवत होते. नोंदीत तारीख, शिफ्ट, मी प्रत्यक्ष काय पाहिले, मी काय सांगितले आणि तिने काय उत्तर दिले एवढेच असावे. "निष्काळजी आहे" हे वाक्य नोंद नव्हे, ते मत आहे; "६० मिलिग्रॅमचा आदेश असताना ८० मिलिग्रॅम भरले, मार्गदर्शकाने खाटेजवळ जाण्यापूर्वी थांबवले" ही नोंद. प्रत्येक नोंद त्याच दिवशी तिला वाचून दाखवून मी दोघींच्या सह्या घेत असे.

मध्यावधी बैठकीत तिला हे सर्व एकत्र सांगितले. बंद खोलीत, शिफ्टच्या सुरुवातीला. शेवटी नाही, कारण असे बोलणे ऐकून माणसाला थेट घरी पाठवू नये. ती रडली, आणि मग एक गोष्ट सांगितली जी मला महत्त्वाची वाटली: आधीच्या कोणत्याही वॉर्डात तिला हे कोणी सांगितले नव्हते. तिचे जुने लॉगबुक मी पाहिले, तर औषधे देण्याच्या रकान्यात व्यवस्थित सह्या होत्या. त्या सह्या करणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. त्यांनाही भरलेला वॉर्डच सांभाळायचा होता. पण त्या प्रत्येक सहीने ही अडचण पुढच्या वॉर्डाकडे सरकवली होती.

ट्यूटर मॅडमना त्याच दिवशी ई-मेल केला. उत्तर यायला आणि त्या प्रत्यक्ष यायला आठवडा गेला, आणि तेवढे दिवस मी तिला औषधांपासून पूर्ण दूर ठेवले, ते तिला शिक्षेसारखे वाटले असणार. तिघींच्या बैठकीत सुधारणेचा लेखी आराखडा ठरला: रोज एकाच रुग्णाची औषधे, प्रत्येक औषधाआधी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ मोठ्याने म्हणायची, मात्रेचा हिशेब सिरिंज उघडण्यापूर्वी कागदावर, आणि माझी किंवा दुसऱ्या सिस्टरांची तपासणी झाल्याशिवाय खाटेकडे जायचे नाही. तारीख, मुदत, निकष, सगळे लिहिलेले. सुरुवातीला ती यांत्रिकपणे पुटपुटत असे. पुढे एका सकाळी माझ्याकडे न पाहताच तिने ट्रे परत ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, या पट्टीवरचा नंबर केसपेपरशी जुळत नाही." तो खरोखरच जुळत नव्हता, वॉर्ड बदलताना कागद अदलाबदल झाले होते.

त्याच सुमारास आमच्या वॉर्डात एका रुग्णाचा मृत्यू झाला, आणि ज्या विद्यार्थिनीकडे तो रुग्ण होता तिने मृत्यू पहिल्यांदाच जवळून पाहिला. मृतदेहाची अखेरची निगा हेही प्रशिक्षणातले काम आहे, पण मी तिला आधी विचारले, थांबायचे आहे की बाहेर जायचे आहे. ती थांबली. आम्ही दोघींनी नळ्या काढल्या, अंग पुसले, आणि मी नेहमीप्रमाणे रुग्णाला सांगत गेले: "आता कुशीवर वळवते हं, आजोबा." तिने विचारले की आता कशाला सांगायचे, आणि मला पटकन उत्तर सुचले नाही. त्या दिवशी तिला दुसरा रुग्ण दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल पुन्हा बोलले. पहिल्या दिवशी विद्यार्थी "ठीक आहे" असेच म्हणतात.

शेवटचा आठवडा लॉगबुकांचा. इथे सगळ्यांनाच घाई असते. न पाहिलेल्या प्रक्रियांवर मागील तारखांच्या सह्या मागणारे विद्यार्थी असतात, आणि तसे करून द्या असे सुचवणारे मोठेही असतात. माझ्यापुरती कसोटी मी ठरवून घेतली होती: ही प्रक्रिया हिने उद्या माझ्याच रुग्णावर, मी खोलीत नसताना केली, तर मला चालेल का? ज्यांना "हो" होते तिथे सही केली. ज्या फक्त पाहिल्या होत्या तिथे "निरीक्षण केले" असे लिहिले. जे झालेच नाही ते रकाने कोरे ठेवले. कोऱ्या रकान्यांबद्दल महाविद्यालयातून विचारणा झाली, तेव्हा पहिल्या दिवशीचे पत्र उपयोगी पडले. त्या मुलीच्या औषधांच्या रकान्यात मी "देखरेखीखाली सुरक्षित, स्वतंत्रपणे नाही, पुढील पोस्टिंगमध्ये आराखडा सुरू ठेवावा" असे लिहून सही केली आणि सुधारणेच्या आराखड्याची प्रत जोडली. तिला ते आधी वाचायला दिले. तिने खाली सही केली आणि पुढच्या वॉर्डाच्या सिस्टरांना हे कोण सांगणार, असे विचारले. आम्ही ठरवले की, पहिल्याच दिवशी तिनेच सांगायचे.

कागदांविषयी शेवटच्या काही सूचना. सही केली त्याच दिवशी वॉर्डाचा शिक्का मारून घ्या. आमचे एक लॉगबुक केवळ पुसट शिक्क्यामुळे परत आले. मूल्यमापनाच्या फॉर्मची छायाप्रत स्वतःजवळ ठेवा. विद्यार्थ्यांकडून मार्गदर्शकाबद्दलचा अभिप्राय गुण दिल्यानंतरच घ्या, नाहीतर तो केवळ कौतुकाने भरलेला येतो. माझ्या अभिप्रायात एकाने लिहिले होते की, मी राउंडच्या वेळी फार तुटक बोलते. ते खरे आहे.

ब्रिटनमध्ये नर्सिंग शिक्षणाच्या २०१८ च्या मानकांनी वॉर्डात शिकवणारी व्यक्ती आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगळ्या केल्या आहेत. आठवडेभर जिच्या शेजारी उभे राहून शिकवले तिलाच "स्वतंत्रपणे नाही" असे लिहून देण्याचा भार एकटीने उचलल्यानंतर मला त्या विभागणीची गरज कळली. म्हणून अहवालासोबत मी इन्चार्ज सिस्टरांकडे दोन मागण्या लेखी दिल्या: अंतिम मूल्यमापनाला दुसऱ्या एका सिस्टरांची नेमणूक, आणि पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकाच्या वाट्याला कमी रुग्ण. पहिली मान्य झाली. दुसरीवर "मनुष्यबळ उपलब्ध झाल्यास" असा शेरा आला आहे. पुढची तुकडी येण्याआधी रोस्टरची बैठक आहे, तिथे औषधांच्या फेऱ्या कोणकोणत्या दिवशी किती लांबल्या याची नोंद जोडून मी ती पुन्हा मांडणार आहे.